विनंतीच्या पेटीतली चिठ्ठी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विनंतीची एक पेटी आहे. पत्र्याची, बिस्किटाच्या डब्याएवढी, वरून फट कापलेली. दर शुक्रवारी दुपारी बायकांची उपवास-प्रार्थना असते. तेव्हा ती उघडायची, आतल्या चिठ्ठ्या एकेक करून मोठ्यानं वाचायच्या आणि त्या-त्या गोष्टीसाठी प्रार्थना करायची. चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नाही. महिनाअखेरीला साऱ्या चिठ्ठ्या मागच्या अंगणात घमेल्यात जाळायच्या. आणि एक नियम पक्का, हातात आलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय बाजूला ठेवायची नाही, मग ती कशीही असो. पूर्वी प्रार्थना चालवणारी एक बाई स्वतःच्या सुनेच्या चिठ्ठ्या गुपचूप पदराआड करायची, म्हणून बावीस वर्षांपूर्वी हा नियम मीच घातला.

मी प्रेमला. नांदेडात एका खासगी शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाले. महिला मंडळाची चिटणीस बावीस वर्षं मीच होते. पहाटे पाचला उठते, स्तोत्र वाचल्याशिवाय चहा घेत नाही, शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, आणि रोज बारा माणसांची नावं घेऊन प्रार्थना करते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं सांगायचं तर हे आधी सांगावं लागतं.

आवाज माझा लहानपणापासून बारीक. मी प्रार्थनेला उभी राहिले की मागच्या रांगेतून चतुराबाई म्हणायची, "बाई, देवाला जातंय ऐकू, पण आमचं काय?" सगळ्या हसायच्या. मीही हसायची.

बुद्धप्रियाला मंडळीत मीच आणलं.

बुधवारी आम्ही दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जातो. चार वर्षांपूर्वी अर्धापूरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकनं तिच्या नवऱ्याला, अश्वजितला, उडवलं होतं. अकरा दिवस तो आत नळ्यांमध्ये आणि ही बाहेर बाकड्यावर. स्वतः आरोग्यसेविका, दिवसाला पन्नास लेकरांना सुई टोचणारी. पण तिथं हात मांडीत घेऊन नुसती बसलेली. मी एका कागदावर धीराच्या चार ओळी लिहून तिच्या हातात दिल्या आणि शेजारी बसून राहिले. बोलले काहीच नाही. मला ते येतही नाही. अश्वजित वाचला. पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी ती आमच्या दारात उभी.

"काकू, आत येऊ का? मी तुमच्यातली न्हाई."

"ये गं. दारावर कुणी विचारत नाही इथं."

ती बौद्ध घरातली. माहेर लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. आई कोंडाबाई अजून तिथं दुसऱ्याच्या रानात जाते. बुद्धप्रिया विहारातही जात राहिली आणि आमच्याकडेही येत राहिली. बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता. तिची नोकरी अनुसूचित जातीच्या जागेवरची. बौद्ध झालेल्याचा तो हक्क कायद्यानं राहतो, ख्रिस्ती झालेल्याचा जातो. हे आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तिला बाप्तिस्म्याचं कुणी विचारत नसे. आमचे धर्मगुरू दयानंद पाळक म्हणायचे, "देवाला घाई नाही. तुम्हाला कशाला?"

मला घाई होती, आणि ती का होती हे मला चांगलं माहीत होतं.

ती प्रार्थना करायची ते शेजारणीशी बोलल्यासारखी. "देवा, आज एक बाळंतपण केलं बघ. पोरगी झाली. सासू म्हणती, पेढे कशाला? त्या म्हातारीच्या डोक्यात उजेड पाड, न्हाईतर मला तरी पाडू दे." बायका हसता हसता डोळ्याला पदर लावायच्या. माझी प्रार्थना शुद्ध, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. माझ्या प्रार्थनेत बायका खोकायच्या. कुणीतरी उपवास सोडायच्या डब्याचं झाकण लावून बघायची. चार वर्षांत मी किती वेळा डोळे मिटून, हात जोडून, तिच्या प्रार्थनेत पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज केला असेल. एकदाही बरोबर आला नाही.

आणि दुसरंही होतं. माझा मुलगा आदर्श. आमच्या आजेसासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दाखल्यावरची जात गेली, पण गल्लीतली कुठं गेली नाही. भाड्यानं खोली बघायला गेलं की ती आमच्या आधी दारात उभी असायची. आदर्शची इंजिनिअरिंगची सरकारी जागा चार गुणांनी हुकली. आम्ही ओबीसीच्या रांगेत. तेवढेच गुण एससीच्या रांगेत असते तर जागा हातात होती. तो आता चाकणला कंपनीत पाळीवर जातो. त्यानं कधी तक्रार केली नाही, ती मीच मनातल्या मनात करत आले. तीन पिढ्या आम्ही एकासाठी दुसरं सोडलं, आणि या पोरीला देवही मिळाला अन् जागाही राहिली.

यंदा उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं की गुड फ्रायडेपर्यंतचे सगळे शुक्रवार बुद्धप्रिया चालवील. "प्रेमलाताई, तुम्ही तिला जरा बाजूनं सांभाळा."

बाजूनं. बाप्तिस्मा न झालेली पुढं, आणि मी बाजूनं. घरी येऊन भाकरी थापताना तोच शब्द थापत बसले.

दुसऱ्या शुक्रवारी पहाटे उठले. स्तोत्र वाचलं, बारा नावं घेतली. बुद्धप्रियाचं नाव त्या बारांत मी कधीच घातलं नव्हतं. मग उपाशीपोटी, त्याच टेबलावर बसून, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'आपल्यातील एका सेविका बहिणीने मनाने प्रभूला स्वीकारले आहे, पण नोकरीच्या कागदावर ती अजून जुन्याच जागी उभी आहे. हा दुटप्पीपणा प्रभूने दूर करावा व तिला सत्यात चालण्याचे धैर्य द्यावे.'

घडी घालून पेटीत टाकली. मला वाटलं, ही प्रार्थनाच आहे.

दुपारी बुद्धप्रियानं पेटी उघडली. मी तिच्या डाव्या बाजूला, सांगितल्याप्रमाणे. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या जावयाच्या दारूसाठी, अशा तीन-चार चिठ्ठ्या झाल्या. मग ती. तिनं घडी उलगडली आणि क्षणभर थांबली. मला वाटलं, आता ठेवेल बाजूला. ठेवली असती तर मला बरंच झालं असतं, नियम मोडला म्हणायला. तिनं वाचली. एकही शब्द न गाळता, 'दुटप्पीपणा'सुद्धा. मंडळीत आरोग्यसेविका एकच. सगळ्यांचे डोळे उघडले.

"तर मग," ती म्हणाली, "या बहिणीसाठी प्रार्थना करू. अन् ज्यांनी लिव्हलंय त्यांच्यासाठीबी. त्यांना आपली लई काळजी हाय."

आणि डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत राहिले. अशा वेळी तरी तिचा आवाज फाटावा असं मला वाटत होतं. नाही फाटला.

पुढचं चतुराबाईनं केलं, आणि तेही भक्तीनंच. प्रार्थना संपल्यावर तिनं त्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढला आणि 'बुद्धप्रिया सिस्टरसाठी जास्तीत जास्त लोकांनी प्रार्थना करा' असं लिहून सात ठिकाणी पाठवला. आमच्याकडे सवयच आहे तशी. विनंती जितक्या हातांत जाईल तितकी वर लवकर पोचते असं आम्ही मानतो. ही मात्र वर न जाता आडवी गेली. पंधरा दिवसांत कुणीतरी निनावी अर्ज केला की ही बाई ख्रिस्ती झाली असून मागासवर्गीयाच्या जागेवर बसली आहे, दाखला रद्द करावा. अर्जाला तो फोटो छापून जोडला होता. दाखला माहेरचा, म्हणून सुनावणी लातूरला लागली.

पाळक घरी आले. खुर्चीवर न बसता उंबऱ्याजवळच उभे राहिले.

"ताई, बाप्तिस्म्याचं रजिस्टर घेऊन मला जायचंय. चिटणीस म्हणून तुम्ही पण चला. तिचं नाव रजिस्टरात नाही, एवढं सांगायचं."

"चिठ्ठी कुणी लिहिली, काही कळलं?" मी विचारलं. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी कान पुढे केला.

"देव जाणे," ते म्हणाले. "आणि लिहिणारा."

सुनावणी शुक्रवारी होती. सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही निघालो. पाळक पुढच्या बाकावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेले. अश्वजितच्या पायात सळई, म्हणून तो आला नव्हता. बुद्धप्रिया माझ्या शेजारी. तिनं अर्धापूरची केळी आणली होती. मी मान हलवली.

"अगं, आज काकूंचा उपवास," ती स्वतःलाच म्हणाली आणि केळी पिशवीत परत ठेवली. मग पाण्याची बाटलीही पिशवीत घातली. अहमदपूरपर्यंत तिनं घोटभर पाणी घेतलं नाही. माझा उपवास होता तो, एकटीचा. त्यातही ती येऊन बसली.

अहमदपूरच्या स्टँडवर कोंडाबाई चढली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. आमच्या पुढ्यात दांडा धरून उभी राहिली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्या का तुझ्या प्रार्थनेच्या बाई?"

"हाव आई. काकू हायेत ह्या. दवाखान्यात माझ्याजवळ बसल्या होत्या."

"बसल्या असतील. बाई, मी सांगून ठेवते. माझी पोरगी विहारातबी येती, तुमच्याकडंबी जाती. मी म्हणलं जाऊ दे, भांडण तर आणीत न्हाई घरी. पण तुमच्यातल्याच कुणीतरी हे कागद लिव्हलंय. पोरीची नोकरी गेली तर मी तुमच्या देवळाच्या दारात येऊन बसन. उठवायला तुमचा देवच यावा लागंल."

"आई, खाली बस," बुद्धप्रिया म्हणाली. मी सरकून कोंडाबाईला जागा दिली आणि लातूरपर्यंत तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. तिच्या अंगाला वाळलेल्या कडब्याचा वास होता, माझ्या आईच्या अंगाला यायचा तसा.

जात पडताळणीच्या ऑफिसात दुपारी बारा वाजता आत बोलावलं. टेबलामागं साहेब, बाजूला एक जण टाईप करत बसलेला. उकाड्यानं दार उघडंच ठेवलं होतं आणि बाहेर बाकांवर इतर लोक आपापल्या नंबरची वाट बघत होते. पाळकांनी रजिस्टर दाखवलं. साहेबांनी पानं उलटली, नाव नव्हतं.

"रजिस्टर तुमच्याच हातातलं," साहेब म्हणाले. वाईट बोलत नव्हते, थकलेले होते. "हा कागद मात्र तुमच्याच मंडळीतून बाहेर आलाय. त्यात स्पष्ट लिहिलंय, मनाने स्वीकारले आहे, कागदावर जुन्या जागी आहे. लिहिणाऱ्याला काहीतरी माहीत असल्याशिवाय लिहील का? कुणाचं अक्षर?"

पाळकांनी चष्मा वर केला. "माहीत नाही."

"तुम्हाला?" त्यांनी बुद्धप्रियाला विचारलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पण मी सांगणार न्हाई."

"हे बघा सिस्टर, नाव नाही सांगितलं तर हा कागद तसाच फायलीत राहणार, तुमच्या विरोधात. लिहिणारा समोर आला तर त्याला विचारता येईल, तुला कशावरून माहीत. नुकसान तुमचंच आहे."

"असू द्या साहेब."

ती मोबाईल हातात घट्ट धरून बसली होती. मागं पारदर्शक कव्हर. कव्हरच्या आत घडी घातलेला एक पिवळट कागद, चार ओळींचा. बाहेरून अक्षर वाचता येत होतं, वळणदार. चार वर्षांपूर्वी बाकड्यावर बसून मीच लिहिलेलं. चिठ्ठीची घडी उलगडून ती क्षणभर का थांबली होती, ते मला तिथं कळलं.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

"काय?" साहेब म्हणाले. "मोठ्यानं बोला बाई."

"चिठ्ठी मी लिहिली."

पाळकांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. बावीस वर्षांत त्यांनी माझ्यावरची नजर अशी कधी काढून घेतली नव्हती.

"तुम्ही चिटणीस ना? मग हिचा बाप्तिस्मा झाला नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी असं लिहिलं?"

"माहीत होतं. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नव्हतं, साहेब. मी ते विचारलंही नाही कधी. माझ्या मनात काय होतं ते माहीत होतं, पण ते मी लिहिलं नाही."

"म्हणजे काय? ऐकू येईना. काय होतं मनात?"

मी उठून उभी राहिले. "मला हिचा मत्सर वाटतो. हिची प्रार्थना माझ्यापेक्षा चांगली होते. माझ्या मुलाची जागा गेली, हिची राहिली. म्हणून लिहिलं. ती प्रार्थना नव्हती."

टाईप करणाऱ्याचे हात थांबले. "साहेब, मत्सर हे घ्यायचं का?"

"घ्या. सगळं घ्या."

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला, आणि तो या कामासाठी. कोंडाबाई दारातून माझ्याकडे टक लावून बघत होती.

मला वाटलं, आता झालं. खरं सांगते, त्या भीतीतही कुठंतरी एक समाधान होतं. मी कबूल केलं होतं. आज तरी पुढं मी होते.

साहेब बुद्धप्रियाकडे वळले. "आता तुम्ही सांगा. तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. पाळकांनीच तिला वाटेत तसं सुचवलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणजे नाही, त्यात खोटं काही नाही.

"माझा बाप्तिस्मा झालेला न्हाई," ती म्हणाली. "प्रार्थनेला मी जाते. येशूचं नाव घेते. पुढंबी घेणार, आज खोटं बोलून नोकरी वाचवली तर उद्या कोणत्या तोंडानं घेऊ? पण साहेब, तुम्ही माझी जात तपासून राहिलात ना? मग माझ्या गावाला या. तिथं अजून आईला वेगळ्या कपात चहा देतात. मी प्रार्थनेला जायला लागल्यापासून तो कप बदलला का, एवढं बघा. बदलला असंल तर माझा दाखला काढून घ्या."

टाईप करणाऱ्यानं यावेळी विचारलं नाही, सगळं घेतलं.

आणि मी? मी तिथं उभी राहून जळत होते. कारण ते वाक्य माझं होतं. भाड्याच्या खोल्या बघताना, आदर्शचा निकाल हातात घेऊन बसले असताना, तीस वर्षं ते माझ्या तोंडात होतं. मला ते कधी बोलता आलं नाही. तिनं एका दमात बोलून टाकलं, तेही कपाचं नाव घेऊन.

निकाल राखून ठेवला. कळवू म्हणाले.

परतीच्या गाडीत पाळक रजिस्टर घेऊन पार पुढं, ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. अहमदपूरला उतरताना कोंडाबाई माझ्यापुढं थांबली. "बाई, तुम्ही वंगाळ केलं," ती म्हणाली. "पण भर कचेरीत तोंडानं सांगितलं. दारात बसायचं मी तूर्त राहू देते." आणि पिशवीतून ज्वारीच्या लाह्यांची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवून उतरली.

लोह्याच्या पुढं दिवस मावळला. बुद्धप्रियानं बाटली काढून आधी माझ्यापुढं धरली.

"तू पहिल्याच दिवशी ओळखलंस," मी म्हणाले.

"घडी उलगडली तवाच."

"मग वाचलीस कशाला? ठेवायची बाजूला. कुणाला कळलं असतं?"

"तुमचाच नियम हाय ना काकू." ती हसली, पण मग तोंड खिडकीकडे वळवलं. "राग लई आला होता. अजून हाय थोडा. कव्हरातला कागद काढून फेकावा वाटला. मग म्हणलं, तो लिव्हला तवा खरा होता."

मी पाणी प्यायले. तिची माफी मागायची अजून राहिलीच होती. ती मागितली, बारीक आवाजात. तिनं "ऐकू आलं" एवढंच म्हटलं.

पुढच्या रविवारी मी चिटणीसपद सोडलं. पाळकांनी थांबवलं नाही. चतुराबाईनं फोन केला. "बाई, फोटो मी पाठवला, पाप मला बी लागंल का हो?" म्हणून ती इतकी रडली की तिची समजूत काढायला अर्धा तास गेला.

शुक्रवारी मी मागच्या रांगेत चतुराबाईच्या शेजारी बसले. पेटीत माझी चिठ्ठी होती, यावेळी खाली नाव घातलेली: 'मला बुद्धप्रियाचा मत्सर वाटतो. कबूल केल्यावरही गेला नाही. प्रार्थना करावी. प्रेमला.'

तिनं ती वाचली, नावासकट. मग डोळे मिटले.

"देवा, काकूंना माझा हेवा वाटतो म्हणं. आता माझ्याजवळ हाय काय ते तूच बघ. एक चौकशी हाय, नवऱ्याच्या पायात एक सळई हाय, अन् आई हाय ती तर तुला भ्यायला तयार न्हाई. यातलं त्यांना काय पाहिजे ते दे काढून. अन् त्यांच्याजवळचं मला थोडं दे. पहाटं पाचला उठायचं मला जन्मात जमलं न्हाई."

बायका हसल्या, मग नाकं ओढली. चतुराबाईनं माझा हात दाबला. मी पदर डोळ्याला लावला आणि त्याच वेळी मनात आलं ते आलंच. माझ्यासाठीची प्रार्थनासुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगली जमली.

महिनाअखेरीला घमेल्यात चिठ्ठ्या जाळायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलंय. त्या जुन्या चिठ्ठीचा फोटो जाळता येत नाही, तो लातूरला फायलीत आहे. निकाल अजून आलेला नाही. पहाटे मी आता तेरा नावं घेते. तेराव्या नावापाशी जीभ अडते. तिला थोडा वेळ देते, नाव घेते, आणि मगच चहा ठेवते.